नख कापण्याचा धडा

पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतले की जीव कसा मेटाकुटीला येतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. दुखणे जुनेच आहे. सातव्या शतकातल्या इजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याने त्यावरचे उपचार लिहून ठेवले आहेत. पुढे पॅरिसचे नामांकित सर्जन द्युप्युत्राँ कात्रीचे पाते नखाखाली मुळापर्यंत सरकवत, नख उभे चिरत आणि दोन्ही भाग चिमट्याने उपटून काढत. ते वारले १८३५ साली, आणि ईथरची भूल लोकांसमोर आली १८४६ मध्ये. म्हणजे हे सगळे रोगी शुद्धीवर असताना!

नख काढण्याचा इतिहास असा हजार वर्षांहून जुना. ते रुतूच नये म्हणून रोग्याला शिकवण्याचा मात्र फार लहान. राणी व्हिक्टोरियाच्या पायांवर उपचार करणारे ल्युईस डर्लाकर यांनी १८४५ साली कुरुपे, नखे आणि पायांची निगा यांवर पुस्तक लिहिले, तेवढाच एक अपवाद मला ठळक वाटतो.

आपल्याकडे हे काम न्हाव्याचे. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असे. पुढे घरोघरी नेलकटर आला. हत्यार आपल्या हाती आले, पण ते चालवायचे कसे हे कोणी सांगितले नाही.

रोग्याला शिकवण्याचे महत्त्व कळते ते वेल्लोरला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथे आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. वेदनाच जाणवत नाही म्हणून जखमा होतात, चिघळतात आणि बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. मग रोज पाय तपासायला आणि मऊ तळाची पादत्राणे घालायला त्यांनी रोग्यांना शिकवले. १९६६ साली ते अमेरिकेत कार्व्हिलला गेले, आणि हाच धडा मधुमेहींच्या पायांनाही लागू पडला.

मी स्वतः मधुमेही. साखर आणि भात यांबद्दल दवाखान्यात पुष्कळ ऐकले, नखाबद्दल अवाक्षर नाही! वास्तविक बधिर पायाला नख रुतल्याचे कळतही नाही, आणि तेवढ्या जखमेतून पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

धडा तसा चार ओळींचा. आंघोळीनंतर नख मऊ असताना सरळ कापावे. फार आखूड करू नये, कोपरे कोरू नयेत. पुढे आवळणारे बूट टाळावेत. मधुमेह्याने रुतलेले नख घरी उकरत न बसता डॉक्टर गाठावा.

नीट दिसत नसेल तर नातवंडांना हाक मारावी. त्यांचाही धडा होऊन जाईल. असो.