मुक्काम की पोस्ट?

खेड्यातला पत्ता लिहिताना आपण ‘मु. पो.’ लिहितो. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव आणि पोस्ट म्हणजे त्याचे टपाल उतरते ती जागा. दोन्ही एकच असतील असे नाही. ई-मेलच्या इतिहासातही असाच एक प्रश्न आहे: आलेल्या पत्राने राहायचे कुठे?

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला, तेव्हा हा प्रश्न नव्हता. एका मोठ्या संगणकावर अनेक जण काम करीत. पत्र तिथेच येई, तिथेच वाचले जाई. पुढे टेबलावर छोटे संगणक आले आणि ते रात्री बंद होऊ लागले. बंद यंत्राला टपाल पोचणार कसे? मग ते सतत चालू असलेल्या सर्व्हरवर उतरवावे आणि ज्याचे त्याने सवडीने न्यावे, अशी तोड निघाली. जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८४मध्ये तिचे नियम मांडले. नावच ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, म्हणजे ‘पॉप’.

१९८८मध्ये मार्शल रोझ यांनी तिसरी आवृत्ती मांडली. तिचा व्यवहार साधा आहे. आपला मेल प्रोग्रॅम सर्व्हरच्या ११० क्रमांकाच्या पोर्टवर जातो, नाव व पासवर्ड सांगतो, पत्रे मोजतो, एकेक उतरवतो आणि उतरवलेली पुसायला सांगतो. सर्व्हर लगेच पुसत नाही, नुसती खूण करतो. ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतला, तरच पुसतो. मध्येच लाइन तुटली, तर पत्रे जागच्या जागी.

त्याआधीच, १९८६मध्ये, स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी वेगळा विचार केला होता. त्यांच्या ‘आयमॅप’मध्ये पत्र सर्व्हरवरच राहते, वाचल्याची, उत्तर दिल्याची खूणही तिथेच. कोणत्याही संगणकावरून पाहा, पेटी तीच. मात्र त्यासाठी जोडणी टिकायला हवी आणि सर्व्हरवर जागा हवी. दोन्ही तेव्हा महाग.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. फोनच्या बिलाच्या धास्तीने पत्रे उतरवून लाइन सोडायची, ही माझीही सवय. त्याला पॉप सोयीचे होते. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकोनात मी कधी खूण केली नाही. २००६च्या पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर सात वर्षांचा पत्रव्यवहार गेला. मला मोडी शिकवणाऱ्या गुरुजींची पत्रे त्यात होती. गुरुजी आदल्या वर्षीच गेले होते.

मग मी आयमॅपवर आलो. एकदा फोनवरून एक फोल्डर पुसले, तर ते घरच्या संगणकावरूनही नाहीसे झाले. पेटी एकच, म्हणून चूकही एकदाच पुरते.

जुने कागद धुंडाळताना मी पाहिले आहे: ज्याची नक्कल दुसऱ्या घरी होती, तो कागद बहुधा वाचला. आता पत्रे पोस्टातच राहतात, पण दिवाळीच्या आवराआवरीत वर्षभराची एक प्रत मी मुक्कामी आणतो. गुरुजींची पत्रे मात्र तिच्यात नाहीत.