हिऱ्यातील डाग : दोष की ओळख?

अंधेरीचे सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन झाले. पुढे तेथे जडजवाहिराचे कारखाने आले आणि उपनगरांतील आपल्या समाजाच्या अनेक बंधूंची उपजीविका हिऱ्याशी जोडली गेली. ‘माल साफ हवा’ हे वाक्य त्यांच्या तोंडी नित्याचे असे. आता मात्र ज्यांत काळे-करडे ठिपके डोळ्यांना स्पष्ट दिसतात असे ‘सॉल्ट अँड पेपर’ हिरे हौसेने अंगठीत बसवले जातात. प्रस्तुत लेखक कापडाचा व्यापारी, रत्नपारखी नव्हे. तरीही या रुचिपालटाचा मागोवा घ्यावासा वाटला.

आपले प्राचीन रत्नशास्त्र डागाच्या बाबतीत कठोर होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कावळ्याच्या पावलासारखी, माशीसारखी अथवा केसासारखी खूण असलेला हिरा अशुभ मानला आहे. अलाउद्दीन खिलजीच्या पदरी असलेले श्रीमाल जैन ठक्कुर फेरू यांनी १३१५ साली दिल्लीत ‘रयणपरिक्खा’ हा ग्रंथ प्राकृतात लिहिला. त्यातही हिऱ्याच्या गुणदोषांचा विचार आहे.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहणाऱ्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील कारागिरांची रीत नोंदवली आहे. खडा स्वच्छ असेल तर ते वजन राखण्यासाठी त्यास केवळ वरवर घासत. दोष असेल तर त्यावर अनेक बारीक पैलू पाडून तो झाकत. लाल ठिपक्यापेक्षा काळा बरा, म्हणून लाल ठिपक्याचा खडा भाजून काळा करीत. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा अतिचार सांगितला आहे, त्याच्या अगदी जवळ जाणारी ही गोष्ट.

निर्दोषतेची किंमत किती, हे आपल्या महाराष्ट्रातील नाशिकच्या हिऱ्यावरून कळते. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाशी निगडित असलेला हा हिरा १८१८ साली पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. तेज वाढवण्यासाठी लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा ७८ कॅरटच्या आसपास उरले. पुढे १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन पुन्हा कापविला. आज तो ४३.३८ कॅरटचा, पूर्ण निर्दोष आहे. अर्ध्याहून अधिक हिरा शाणेवर गेला! देवापुढे होता तो खडा आता पाहावयास मिळणे नाही.

माझ्या मातोश्रींच्या पोलकीच्या हारात एका खड्यात पिसासारखी पांढरी रेघ होती. हार दुरुस्तीस दिला असता कारागीर म्हणाला, “हा खडा बदलून देतो.” आईने साफ नकार दिला. हार परत आल्यावर तिने प्रथम ती रेघ शोधली आणि मगच पैसे चुकते केले. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण तिचा व्यवहार शास्त्रशुद्ध होता. हिऱ्याच्या प्रमाणपत्रावरील आकृतीत आतील खुणांच्या जागा दाखवतात, त्याही खडा ओळखण्यास उपयोगी पडतात.

शिवाय डाग म्हणजे नुसता मळ नव्हे. दीडशे-दोनशे किलोमीटर खोलीवर हिरा घडताना गार्नेट, ऑलिव्हीन अशा खनिजांचे कण त्यात अडकतात. ब्राझीलच्या अशाच एका जवळजवळ कवडीमोल हिऱ्यात रिंगवुडाइटचा कण सापडला आणि भूगर्भात खोलवर खनिजांत पाणी बांधलेले असल्याचा पुरावा २०१४ साली जगापुढे आला.

प्रयोगशाळेत घडवलेले स्वच्छ हिरे स्वस्त झाल्यापासून डागाचे आकर्षण अधिकच वाढले आहे. टसरच्या ठाणात सुताच्या गाठी दिसल्या नाहीत, तर आमचा जाणता ग्राहकही भेसळीचा संशय घेतो, तसेच हे. मात्र येथे सावध असावे. प्रयोगशाळेतील हिऱ्यातही डाग असतात. उच्च दाबाखाली बनवलेल्या हिऱ्यात धातूचे कण राहतात आणि काही वेळा असा हिरा चुंबकाकडे ओढलाही जातो. तेव्हा डाग पाहून हिरा खाणीतला समजू नये. तपासणी करून घ्यावी आणि जे आढळेल ते विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.