घर पाडले, पण चूल कुठे मांडली?

मुंबई शहराचा इतिहास सांगताना गव्हर्नरांची, गिरण्यांची आणि गोद्यांची नावे येतात. शहराच्या सुधारणेपायी ज्या बायांच्या चुली एका जागेवरून उठल्या, त्यांची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ती थोडक्यात द्यावी, असे मनात आले.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ती प्रथम ओळखली. मांडवी ही बंदराजवळची वस्ती; धान्याच्या वखारी आणि माणसांची घरे एकमेकांना खेटून. भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. त्या वेळी सरकारचा समज असा की, अंधार, घाण आणि कोंडलेली हवा हीच रोगाची मुळे. तेव्हा दाट वस्त्या पाडाव्या आणि वारा खेळेल असे रस्ते काढावे, असे ठरले.

त्यासाठी १८९८ साली ‘सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट’ नेमला गेला. विलायतेत ग्लासगो शहरी असा ट्रस्ट आधीच झाला होता. त्याचाच हा धडा. नागपाड्यापासून काम सुरू झाले. समुद्राचा वारा गावात यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोड हे मोठे रस्ते जुन्या वस्तीतून काढले. आज त्यांना शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात.

रस्ते चांगले झाले, हे कबूल केलेच पाहिजे. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहतीही ट्रस्टनेच आखल्या. पण पहिल्या दहा वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या, त्या मानाने बांधल्या फार थोड्या. भरपाई मिळे ती घरमालकाला. भाडेकऱ्याच्या हाती काय? गोदीतला हमाल रोज सकाळी कामाला उभा राहिला तर त्याला मजुरी. त्याने दूर माटुंग्याला जाऊन कसे भागावे? तो बिऱ्हाड उचलून शेजारच्याच गल्लीत शिरला. एका खोलीत एक बिऱ्हाड होते तिथे दोन झाली. म्हणजे एका जागची दाटी मोडली, ती शेजारी जाऊन बसली. पुढे १९३३ साली ट्रस्टचे काम म्युनिसिपालिटीत विलीन झाले.

दरम्यान, १९२० साली गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत सरकारने नवे विकास खाते काढले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत खोल्या सुमारे १६,०००. याच त्या बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सर्वांचे मिळून. पण गिरणी जवळ आणि शेजार पक्का.

गिरणगावातल्या अशाच लहान लहान खोल्यांत कित्येक बायांनी गिरणी कामगारांची खानावळ चालवली. त्यांनाच एकत्र करून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. अशा बाईचे घर पडले तर नुसते छप्पर जात नाही. तिचा धंदा, तिची गिऱ्हाइके, अडीअडचणीला धावणारी शेजारीण, सारेच जाते. नकाशावर हे कुठेही दिसत नाही.

या चाळींच्या जागी आता उंच इमारती होत आहेत. १६० फुटांच्या खोलीबद्दल ५०० फुटांचे मालकीचे घर, तेही त्याच ठिकाणी, असे ठरले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या देण्यात आल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या ट्रस्टपेक्षा हा न्याय बरा म्हणायचा. ज्याचे घर पाडले, त्याला तिथेच पुन्हा चूल मांडता आली.

भगिनींनो, हे सारे आपल्या पोहरादेवीत बसून का सांगायचे? आपल्या गावाचेही रूप पालटत आहे. सेवालाल महाराजांच्या या भूमीत रामनवमीला दूरदूरचे तांडे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. पोहरादेवी आणि उमरीच्या विकासाचा आराखडाही शासनाने केला आहे. याचा आनंद कोणाला नाही? मोठे रस्ते, पाणी, यात्रेकरूंची सोय हवीच.

परंतु कोठेही घर किंवा दुकान हलवायची वेळ आली, तर बायकांनी सभेत जाऊन पहिला प्रश्न विचारावा: भाडेकरूला आणि रस्त्याकडेला नारळ-फुले विकणारीला जागा कोठे, आणि ती पाडण्याआधी की नंतर? बैलांवर धान्य आणि मीठ लादून आपले पूर्वज देशभर फिरले. तांडा उठला की सारा तांडा उठे. म्हातारीकोतारी मागे टाकून कोणी पुढे जात नसे. गावाच्या सुधारणेलाही हीच रीत लावावी, एवढेच मागणे.