सुट्टी आणि पंचविसाचा पाढा

मे महिना आला की मुलांनी सुट्टीत अभ्यास करावा का, हा वाद घरोघरी रंगतो. आमच्या गोंदियाकडे सुट्टी आणि तेंदूपानांचा हंगाम एकदमच येतो. पहाटे रानात पाने तोडायची, दुपारी पुडे बांधायचे. माझ्या लहानपणी अम्मी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची, मी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचो. पंचविसाचा पाढा मला शाळेआधी त्या कट्ट्यांनी शिकवला.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हेच मांडले: हाताच्या कामातून शिक्षण. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. तीच नई तालीम.

मग माझे कट्टे नई तालीम होते का? नाही. वर्ध्याच्या योजनेत काम मुलासाठी होते. आमच्या घरी मूल कामासाठी होते. नाकात तंबाखूची धूळ जायची, ती वेगळीच. १९८६च्या बालमजुरी कायद्याने बिडीकामाला मनाई यादीत घातले. २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सुट्टीत घरच्या कामात मदतीची मुभा ठेवली, धोक्याची कामे वगळून.

म्हणून सुट्टीत पुस्तक उघडले नाही तरी चालेल. मूल काय करते, यापेक्षा ते कुणासाठी करते, एवढे मात्र आपण पाहावे.