पायाला चिठ्ठी नव्हती

वर्गात काळ, काम आणि वेग यांची उदाहरणे घालू लागलो, की एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, ह्यांचा उपयोग काय?" पूर्वी मी त्याला दम देऊन खाली बसवीत असे. आता एका कबुतराची हकीकत सांगतो.

२३ फेब्रुवारी १९४२. नॉर्वेवरची कामगिरी आटोपून ब्रिटिश वायुदलाचे एक ब्यूफोर्ट जातीचे बॉम्बफेकी विमान स्कॉटलंडमधील ल्यूकर्स तळाकडे परतत होते. ते पुरते जायबंदी झाले होते. किनारा शंभराहून अधिक मैल दूर असतानाच ते उत्तर समुद्रात कोसळले आणि आतले चौघे जण त्या गोठवणाऱ्या पाण्यात सापडले. असल्या थंडीत माणसाचे आयुष्य घटकांनी मोजावे लागते.

त्या काळी बॉम्बफेकी विमानांतून कबुतरे नेण्याची पद्धत होती. बिनतारी यंत्राने दगा दिला, तर पाखरू सोडायचे. ते आपल्या ढाबळीकडे धाव घेणारच, हा भरवसा. युद्धकाळात ब्रिटनने अशी सुमारे अडीच लाख कबुतरे कामाला लावली होती. ह्या विमानात निळसर चौकडीच्या पिसांची एक मादी होती. पिंजऱ्याबाहेर पडली तेव्हा तिचे पंख तेलाने माखले होते. तशाच पंखांनी १२० मैल उडत ती डंडी शहरानजीकच्या ब्रॉटी फेरी गावी आपल्या ढाबळीत पोचली.

मालकाने पाहिले, तो पाखरू थकून गलितगात्र झालेले. पायाला चिठ्ठी नाही. पण त्याने तिला नुसते दाणापाणी देऊन सोडले नाही. लागलीच तळावर वर्दी दिली.

तळावरही चिंता होतीच. बिनतारी संदेशावरून विमानाचा अखेरचा ठाव अदमासे कळला होता. पण मोठा टापू धुंडाळूनही माणसे सापडली नव्हती. आता एक नवे उदाहरण समोर आले. विमान पडले केव्हा, पाखरू पोचले केव्हा, ह्यांतले अंतर म्हणजे काळ. कबुतराचा वेग पाळणाऱ्यांना ठाऊक असतो. वारा कोणत्या दिशेचा होता, तेही पाहिले. आणि मौज अशी, की पंखांवरच्या तेलाने वेग किती मंदावला असेल, हेही त्यांनी हिशेबात धरले. उत्तर आले, नवी मोहीम निघाली आणि पंधरा मिनिटांत ते चौघे जण हाती लागले.

चौघेही घरी परतले. तळावर त्या पाखराच्या सन्मानार्थ खाना झाला. 'विंकी' हे नाव जगाला ठाऊक झाले. २ डिसेंबर १९४३ रोजी, युद्धात कामी येणाऱ्या मुक्या प्राण्यांसाठी त्याच वर्षी सुरू झालेले डिकिन पदक पहिल्यांदा देण्यात आले. ते तीन कबुतरांना मिळाले. त्यांत विंकी एक. पेंढा भरून जतन केलेला तिचा देह डंडीच्या मॅकमॅनस संग्रहालयात आहे.

अत्यंत बिकट स्थितीत संदेश पोचविल्याबद्दल तिला पदक दिले, असे मानपत्रात नमूद आहे. मला तेथे थोडे थांबावेसे वाटते. संदेश तिने आणलाच कोठे होता? तिला घरी जायचे होते, एवढेच. अवेळी येणे, थकवा आणि पंखांवरचे तेल ह्यांचा संदेश केला तो किनाऱ्यावरच्या माणसांनी. त्यांना वाचता आले नसते, तर तिचे १२० मैल फुकट गेले असते आणि चौघांच्या घरी तारा गेल्या असत्या.

हकीकत संपली, की वर्ग क्षणभर गप्प असतो. मग मी फळ्याकडे वळतो. पण हल्ली एखादे पोर उशिरा, धापा टाकीत, चिखलाने भरलेले दाराशी उभे राहिले, की छडीकडे हात जाण्याआधी मी त्याला नीट न्याहाळतो. त्याच्याजवळही बहुधा चिठ्ठी नसते.