कौल फुटले तर...

मराठवाड्याचे जुने छप्पर कौलाचे नव्हे, मातीचे. तुळयांवर लाकडी पट्ट्या व त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, हे येथील माळवद अथवा धाबे. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकण्याचा परिपाठ असे, त्यामुळे वर्षातून एकदा तरी घरमालकाची नजर छपरावरून फिरे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे कौलारू छप्पर प्रामुख्याने छावणीतील बंगले आणि रेल्वेच्या जुन्या इमारती यांवर दिसते. कौलांना दरवर्षी माती लागत नाही. म्हणूनच त्यांच्याकडे पाहण्याचे राहून जाते.

येथे कौल फुटण्यास पाऊस क्वचितच कारणीभूत असतो. वानरांच्या उड्या, झाडाची वाळलेली फांदी, दूरचित्रवाणीची तबकडी बसविण्यासाठी चढलेल्या माणसाचे पाय आणि गारा ही खरी कारणे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपून काढणाऱ्या गारपिटीने पिकांबरोबर छपरांचीही हानी केली. अशा गारा उन्हाळ्याच्या तोंडाशी पडतात, तडा मात्र ध्यानात येतो जूनमध्ये. तोवर काही बिघडत नाही. पुढे मात्र बिघडते ते कौलाखालचे लाकूड. रीप व वासा वारंवार भिजला की कुजतो, वाळवीला वाट मिळते आणि एका कौलाचे काम सुताराच्या हाती जाते.

ज्याला ‘मंगळुरी कौल’ म्हणतात त्याची रचना जाणली, तर दुरुस्ती सोपी होते. एकमेकांत गुंतणाऱ्या कौलाचा हा नमुना १८४१ मध्ये फ्रान्सच्या आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी सिद्ध केला आणि १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कारखाना काढून तो भारतात आणला. कौलाच्या पाठीवरील उंचवटा रिपेला अडकतो, एका बाजूची कड शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते आणि वरच्या ओळीची खालची कड त्यावर येते. खिळा नाही, चुना नाही. स्वतःचे वजन आणि शेजाऱ्याचा आधार यांवर ते टिकते; त्यामुळे एखादे कौल बाकीच्यांना धक्का न लावता काढता येते.

प्रथम फुटके कौल शोधावे लागते. थेंब पडतो तेथेच कौल फुटलेले असते, हा समज चुकीचा. पाणी वाशावरून घरंगळत बरेच खाली येऊन टपकते; म्हणून ओल दिसेल तेथून आढ्याच्या दिशेने माग काढावा. भर दुपारी खालून पाहिल्यास मोठी फट उजेडाने कळते. बारीक तडा उजेड दाखवीत नाही. त्यासाठी एकाने वळचणीपासून वर एकेका ओळीवर पाणी ओतावे आणि दुसऱ्याने आत पाहावे.

नवे कौल आणताना जुने सोबत न्यावे. दिसायला सारखी कौले दोन कारखान्यांची असली, तर त्यांच्या खाचा जुळतीलच असे नाही. कौलावर कारखान्याचे नाव उमटविलेले असते, ते वाचावे. त्या साच्याचे कौल आता मिळत नसेल, तर पाडलेल्या घरांचे जुने सामान विकणाऱ्याकडे पाहावे. बोटाने टिचकी मारल्यास चांगले कौल खणखणते; बद्द आवाज आला तर ते परत करावे.

छपराला आतून तक्तपोशी नसेल, तर वर न चढता आतून शिडीवरूनच कौल बदलता येते. चढावेच लागले, तर आढ्याला अडकवलेली शिडी पाख्यावर आडवी टाकावी, म्हणजे भार विभागला जातो. कौलाच्या मध्यावर पाऊल देऊ नये. दोन ओळी एकमेकींवर चढतात व खाली रीप असते तेथेच द्यावे. शेवाळलेल्या वा ओल्या कौलांवर तर जाऊच नये.

फुटक्या कौलावर ज्यांच्या कडा आल्या असतील ती वरची व बाजूची कौले किंचित उचलून खाली लाकडी पाचरी द्याव्यात. तुकडे काढून घेतल्यावर रीप दाभणाने टोचून पाहावी; दाभण सहज रुतले तर तेवढा तुकडा बदलावा. ही संधी पुन्हा लवकर येत नाही. मग नवे कौल खालून वर सरकवून उंचवटा रिपेला अडकवावा, बाजूची खाच जुळवावी आणि पाचरी काढाव्यात.

सिमेंटने फट लिंपण्याचा मोह मात्र आवरावा. उन्हाने तापून व रात्री निवून कौले हलतात, सिमेंट हलत नाही, ते तडकते. शिवाय शेजारची कौले त्याला चिकटतात व पुढच्या वेळी एकाऐवजी तीन फुटतात. भर पावसात गळती लागलीच, तर कौलाखाली पत्र्याचा तुकडा सरकवून वेळ निभावून न्यावी. आढ्यावरील कोन्यांची गोष्ट वेगळी. ते गिलाव्यातच बसवावे लागतात आणि तेथे चुन्याचा मऊ गिलावा सिमेंटपेक्षा बरा. मराठवाड्यात पाऊस साधारणतः जूनच्या मध्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा हे काम मे महिन्यातच हाती घ्यावे, कारण चुन्याला वाळण्यास अवधी लागतो.