मिरचीच्याही आधीची जळजळ

रोवणीचे दिवस आले की आमच्या गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते. बांधीत वाकलं की घशाशी आंबट येतं, छातीत जळतं. लगेच कुणीतरी म्हणते, ‘मिरची कमी कर व बाई.’ आज आम्ही या मिरचीचाच हिशेब मांडतो, त्यासाठी थोडं मागे जाऊ.

सुमारे तेराशे वर्षांपूर्वी माधवकर नावाच्या वैद्याने ‘माधवनिदान’ हा रोग ओळखण्याचा ग्रंथ लिहिला. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण नाही, माधवकराने ते दिलं. त्यातली लक्षणं ऐका: अन्न न पचणं, कडू-आंबट ढेकर, मळमळ, अंग जड होणं, छातीत आणि घशात आग, तोंडाला चव नसणं. आपल्या बैठकीतच कुणी सांगतंय असं वाटतं ना?

आता गंमत बघा. त्या काळी आपल्या देशात मिरचीच नव्हती. तंबाखूही नव्हता. दोन्ही मूळचे अमेरिकेतले, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून इकडे आले. चहा तर खेड्यापाड्यांत विसाव्या शतकात पोहोचला. म्हणजे यातलं काहीच नसतानाही माणसाच्या छातीत जळत होतं. मिरचीने कुणाकुणाचा त्रास वाढतो हे खरं, पण सगळा दोष तिच्या माथी मारणं काही बरोबर नाही.

मग जळतं कशाने? इंग्लंडच्या विल्यम प्राउटने १८२४ साली छापून आलेल्या लेखात दाखवलं की जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. संडास धुवायच्या ॲसिडात असतं तेच, फक्त सौम्य. १९३५ साली न्यूयॉर्कचे डॉ. ॲशर विंकेलस्टीन यांनी मांडलं की हा जठरातला रस वर चढून अन्ननलिकेला सूज आणतो. अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तिथे स्नायूचं कडं असतं, धानाच्या पोत्याच्या तोंडाला बांधलेल्या सुतळीसारखं. सुतळी ढिली पडली आणि पोतं आडवं केलं, की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ही सुतळी ढिली करणाऱ्यांत तंबाखू पुढे. आपल्या भंडाऱ्यात बायांनी पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळल्या, वळता वळता चिमूटभर तोंडातही गेली. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा घोटणं काही थांबलं नाही. गरोदरपणात कडं सैल पडतं, वर पोटावर दाब. पोटाचा घेर वाढला तरी तसंच. आणि घरात सगळ्यांच्या मागून, रात्री उशिरा जेवून लगेच आडवी होणारी कोण? तिला ‘तुझंच खाणं तिखट’ म्हणायचं, याचा आम्हाला राग येतो.

औषधं अलीकडची. आम्ल कमी करणारी सिमेटिडीन ही गोळी १९७६ साली बाजारात आली, तिच्यासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. आता त्याहून जोरदार गोळ्या किराणा दुकानातही मागितल्या जातात. पण रोवणीनंतर कंबर दुखते म्हणून दुखण्याची गोळी, ती पोटाला झोंबते म्हणून पित्ताची गोळी, हे महिनोन्‌महिने आपल्या मनाने चालवू नका.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं असेल, तर थेट दवाखाना गाठा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दम लागला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. बायकांच्या हृदयविकाराला घरात पुष्कळदा पित्तच समजलं जातं.

रोजच्या त्रासाला मात्र घरचे उपाय पुष्कळ चालतात: झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण, डाव्या कुशीवर झोप, आणि खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा. नुसती उशी उंच करून भागत नाही, त्याने मानच तेवढी वाकते.